कुंकू लागलेली खेळणी

माणिकबाईंच्या हातात काहीही द्या, त्याचा देव होतो.

हा चमत्कार नव्हे. अकोल्याच्या डाबकी रोडवर राहणाऱ्या या बाईंना कसलीही सिद्धी नाही. उपास तेवढे भरपूर आहेत. ही नुसती हाताची सवय. कापूस हाती आला की बोटं आपोआप वात वळतात. सुपारी दिसली की ती गणपती होऊन पाटावर बसते. अंगणात एखादा गोटा गुळगुळीत निघाला तर आधी त्याच्यावर पाणी पडतं, मग बेल पडतो, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली एखादी सून त्याला नमस्कार करून जाते. त्यांचे यजमान मोतीरामजी, जिनिंगवर कापसाच्या काट्यापाशी आयुष्य घालवून आता घरी बसलेले, म्हणायचे, "हिच्यासमोर मी जास्त वेळ डोळे मिटून बसत नाई बाप्पा. भरवसा नाई. ही शेंदूर लावून देईन."

अशा बाईंनी नातवासाठी खेळणी करायचा विडा उचलला, त्याची ही हकीकत.

नातू अंकुर, दोन वर्षांचा. मुलगा शिवम अमरावतीला नोकरीला, शनिवारी यायचा. सून आरती पतसंस्थेत कामाला. त्यामुळे दिवसभर लेकरू आजीकडे, आणि आजीकडे म्हणजे मोबाइलकडे. मोबाइल समोर असल्याशिवाय अंकुर तोंड उघडत नसे. वरणाची वाटी दिसली की ओठ असे घट्ट मिटायचा की चमचा आडवा करूनही आत जात नसे. मोबाइल लावला की तोंड उघडं. मग त्यात वरण घाला, भात घाला, कडू काढा घाला, त्याचं लक्षच नसायचं.

ही सवय लावली कोणी, हा प्रश्न घरात कोणी विचारत नसे, कारण उत्तर देवघराजवळ बसलेलं असायचं. माणिकबाईंनीच सहा महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन मोबाइलवर भजनं लावली होती. देवाचीच तर आहेत, त्यात काय वाईट, असा त्यांचा हिशेब. मोबाइलला तो हिशेब कळला नाही. भजनाखालून एक नाचणारा ससा आला, सशामागून ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टर आल्यावर देवाला कोण विचारतो?

दिव्याच्या अवसेला माणिकबाईंनी भिंतीवर जिवतीचा कागद लावला, लेकराला औक्षण केलं, आणि त्याच संध्याकाळी आरतीनं विषय काढला. नवं प्ले स्कूल निघालं होतं. दिवसभर ठेवतात, मातीत-पाण्यात खेळवतात, मोबाइल दाखवत नाहीत.

"आई, मी तुमाले बोल लावून नाई राहिली," आरती म्हणाली. "पण डॉक्टरांनी बी सांगतलं. पोरगं दोन वर्षांचं झालं, अजून चार शब्द बोलत नाई. ट्रॅक्टरच पाहून राहते."

माणिकबाईंनी लेकराला मांडीवर ओढलं. लेकरू सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. मग या घरात दिवसभर राहणार कोण? मोतीरामजी आणि त्यांचं वर्तमानपत्र.

"मातीत खेळाले गाडीत बसवून धाडतं?" त्या म्हणाल्या. "माती का तिथंच हाये? घरच्या घरी खेळणे करतो मी. एक पैसा लागत नाई. मोबाइल सोडवून दाखवतो त्याचा."

"कधीपर्यंत?"

"पोळ्यापर्यंत."

"दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा धरा," आरती म्हणाली. ती व्याजाच्या हिशेबात एक दिवस सूट देणारी बाई होती. "त्या दिवशी मले सुटी हाये. दुपारचं जेवण मोबाइलबिगर झालं, तर पोरगं घरी. नाई झालं, तर संध्याकाळी मी शाळेत हो म्हणून कळवतो."

ठरलं. माणिकबाईंनी गजानन महाराजांच्या फोटोला हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खेळणी शिकायला बसल्या. कशावर? मोबाइलवर. 'टाकाऊतून टिकाऊ', 'घरच्या घरी बाळाची खेळणी' असे व्हिडिओ एकामागून एक. अंकुर मांडीवर. दोघंही डोळ्यांची पापणी न हलवता पाहात होते. मोबाइल सोडवायच्या अभ्यासात मोबाइल तापून बंद पडला तेव्हाच दोघं उठली.

आता टाकाऊ शोधणं आलं. व्हिडिओतली बाई म्हणत होती, घरातला एखादा रिकामा डबा घ्या. माणिकबाईंच्या घरात रिकामा डबा? श्रीखंडाच्या डब्यात मेथीदाणे, मेथीदाण्यांच्या डब्यात कापूर, पावडरच्या डब्यात तुळशीचं बी. जुनी साडी फाटली की तिचं पटकूर होतं, पटकुराचं पायपुसणं, पायपुसण्याचं गाडी पुसायचं फडकं, आणि ते फडकं मोतीरामजींनी टाकलं की माणिकबाई ते परत आणतात. त्या घरातून आजवर टाकाऊ म्हणून काही बाहेर पडलेलं नाही. शेजारच्या ज्योत्स्नानं सरकारी दवाखान्यातली नोकरी सांभाळून चार डबे-बाटल्या गोळा करून दिल्या. संध्याकाळपर्यंत त्यात मसाला भरला गेला.

"काकू, हे अंकुरसाठी देल्ले होते मी!"

"हाव व. पण इतका चांगला डबा पोट्ट्याच्या हातात कोणी देते का?"

मग रंगीत तांदूळ. व्हिडिओतली बाई म्हणाली, तांदूळ रंगवा, परातीत घाला, बाळाला त्यात हात घालू द्या. घरात रंग कोणता? हळद आणि कुंकू. माणिकबाईंनी मूठ मूठ तांदूळ घेतले, एका मुठीला हळद लावली, एकीला कुंकू लावलं, चार थेंब तूप टाकून चोळले, आणि परात खाली ठेवली. अंकुर आनंदानं धावत आला आणि परातीत उभाच राहिला.

"अगं माय! अक्षता!" माणिकबाई किंचाळल्या. "अक्षतांवर पाय देल्ला!"

लेकराला उचललं, त्याचे पाय धुतले, त्याच्याकडून नमस्कार करून घेतला. अक्षता डब्यात भरून देवघरात गेल्या. लेकरू रडायला लागलं. ट्रॅक्टर लावावा लागला.

कापसाचंही तसंच. मोतीरामजी जिनिंगवरच्या जुन्या दोस्ताकडून पिशवीभर कापूस घेऊन आले. लेकराला फुंकर मारू द्यायची, म्हातारीसारखा उडवायचा, असा बेत होता. अंकुरनं एक पुंजका उडवला. दुसरा पुंजका आजीच्या हातात होता. तिसरा उडवायला तो वळला तेव्हा पिशवी अर्धी झाली होती आणि माणिकबाईंच्या पुढ्यात फुलवातींची रास लागली होती. त्यांनाच कळलं नव्हतं. बोलत बोलत वस्त्रमाळही झाली होती, तिला मधे मधे कुंकवाची बोटं लावून.

"आता उडव म्हणावं त्याले," मोतीरामजी म्हणाले. "गणपतीच्या गळ्यात उडव."

सगळ्यात कहर झाला तो श्रावणातल्या सोमवारी. मोतीरामजींच्या भावाचं शेत पातूरकडं, तिथून काळी माती आली होती. लोण्यासारखी मऊ. माणिकबाईंनी ती भिजवली, मळली, अर्धा गोळा अंकुरला दिला, अर्धा आपण घेतला. "आपण गाय करू हां," म्हणाल्या. अंकुर माती थापटत होता, तोंडानं फुर्र करत होता, चक्क खेळत होता. पाऊण दुपार मोबाइलची आठवण नाही. आरतीला फोन करून सांगावं असं माणिकबाईंच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. हातात पिंड होती. शाळुंका, वरती लिंग, पाणी वाहून जायला पन्हाळ, सगळं रेखीव. सोमवार. श्रावण. आता मोडायची कशी?

बेल वाहिला. मग अंकुरच्या हातातला गोळाही त्याच मातीचा, म्हणजे शिवाचाच, म्हणून तोही काढून घेतला.

त्या दिवशी लेकरानं जो आकांत केला तो ऐकून ज्योत्स्ना धावत आली. दारातून पिंड पाहिली, बेल पाहिला, लाल झालेलं लेकरू पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुमच्या घरात खेळणं व्हाले सामान हाये, जागा हाये, हात बी हायेत. फक्त खेळण्याले देव व्हाची घाई हाये."

"थट्टा नको करू व. पोळा जवळ आला."

"मंग हात बांधून ठेवा न थोडे दिवस."

माणिकबाई हसल्या नाहीत. रात्री आरती अंकुरला थोपटत होती आणि मोबाइलवर प्ले स्कूलचे फोटो पाहात होती. छोट्या खुर्च्या, रंगीत भिंती, हसरी पोरं. एकाही फोटोत आजी नव्हती.

शेवटचा उपाय नंदीचा. वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी, लेकरांचे खेळण्यातले बैल दुसऱ्या दिवशी. पोरं आपापले बैल सजवून तोरणाखाली आणतात, पूजा होते, आणि मग घरोघर बोजारा मागत फिरतात. खाऊ, सुटे पैसे, जे मिळेल ते. गल्लीतल्या बाया बाजारातून लाकडी नंदी आणत होत्या. माणिकबाई म्हणाल्या, माझ्या नातवाचा नंदी घरचा.

आणि खरंच, बैल झाला मात्र देखणा. मिक्सरचं खोकं पोट झालं. आरतीनं ते खोकं वॉरंटीसाठी ठेवलं होतं, पण ती कामावर होती. वरून जुन्या पांढऱ्या धोतराची कातडी शिवली. मान-डोकं चिंध्या भरून केलं. शिंगांना औषधाच्या पाकिटांची चांदी चढवली. शेपटीला झाडूच्या काड्या बऱ्या दिसल्या असत्या, पण झाडू लक्ष्मी, म्हणून सुतळी. चाकं तेलाच्या डब्यांच्या झाकणांची. डोळे काजळाचे, आणि गळ्यात अंकुरच्या बारशातली घुंगरं, घट्ट शिवलेली. तोंड मात्र उघडं ठेवलं, लाल कापडाचं. का ठेवलं, त्यांना सांगता आलं नसतं. बैलाला खायला तोंड पाहिजे, एवढंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. मोतीरामजींचं लहानपण बैलांमागं गेलेलं. त्यांनी वाटीत तूप-हळद कालवली, नातवाला मांडीवर घेतलं, त्याचं इवलं बोट वाटीत बुडवून बैलाच्या खांद्यावर फिरवलं.

"वर्षभर राबला न हा. म्हणून खांदे चोळायचे. आता त्याले आवतण दे. म्हण, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"या," अंकुर म्हणाला.

"जेवाले या."

"जेवाये या," अंकुर म्हणाला, आणि बैलाच्या उघड्या तोंडात बोट घातलं.

मोतीरामजींनी वाटी खाली ठेवली. मग मोठ्यांदा हाक मारली, "अवं माणिक! बोलला व हा! दोन शब्द एकासंगं!"

त्या रात्री अंकुर बैलाची दोरी मुठीत धरून झोपला. माणिकबाईंना वाटलं, जिंकलो.

आणि पोळ्याच्या सकाळी त्यांनी स्नान केलं, सोवळं नेसल्या, बैलाला पाटावर ठेवलं आणि कपाळी कुंकू लावलं. संपलं. खेळणं होतं ते नंदी झालं. महादेवाचं वाहन काय फरशीवर ओढायचं? पायात आलं तर? रात्री लेकरानं अंथरुणात घेतलं तर? नंदी देवघराच्या वरच्या फळीवर गेला. अंकुर खाली उभा राहून मान वर करकरून "या, या," म्हणत राहिला. दिवसभर म्हटला. मग रडला. मग ट्रॅक्टर.

तान्ह्या पोळ्याला सकाळी नंदी खाली आला तो माणिकबाईंच्या कडेवर. अंकुर आरतीच्या कडेवर. तोरणाखाली इतर पोरांचे आणलेले नंदीही आयांच्याच हातात होते. "हात नको लावू, रंग जाईन," असं प्रत्येकीचं चाललेलं. तान्ह्यांचा पोळा, तान्ही सोडून सगळे खेळत होते. गल्लीतल्या बायांनी घरच्या नंदीचं कौतुक केलं आणि कौतुक म्हणून प्रत्येकीनं एक एक बोट कुंकू लावलं. घरी येईपर्यंत नंदीचं कपाळ, मान, पाठ लाल. आधी निदान थोडा बैल उरला होता, आता अख्खा देव.

दुपार झाली. पानं मांडली. पुरणपोळी, वर तुपाची धार, कढी, वडे. आरती अंकुरला समोर घेऊन बसली. मोबाइल तिनं उपडा करून पाटाशेजारी ठेवला होता. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. तिलाही पोर दूर पाठवायची हौस नव्हती. पण ठरलं ते ठरलं.

माणिकबाईंनी पहिला घास पुढे केला. ओठ मिट्ट.

"चिऊचा घास?" मान फिरली.

"काऊचा?" मान दुसरीकडे फिरली.

"आई," आरती हळूच म्हणाली, "राहू द्या. उपाशी नका ठेवू त्याले." आणि तिचा हात मोबाइलकडे गेला.

तेव्हा अंकुरनं बोट वर केलं. मोबाइलकडे नव्हे, देवघराच्या फळीकडे. "जेवाये या," तो म्हणाला. कोणी हललं नाही तसा चिडून ओरडला, "जेवाये या!"

मोतीरामजींनी पोळी खाली ठेवली. "बरोबर हाये त्याचं. आवतण देल्लं त्यानं. पाहुण्याले फळीवर बसवून आपण जेवून राहिलो."

माणिकबाई देवघराकडे पाहू लागल्या. नैवेद्य तर सकाळीच दाखवला होता. पण बोलावलं कोणी होतं? लेकरानं. त्या उठल्या. दोन्ही हातांनी नंदी उचलला, आणि घरातल्या कोणाला वाटलं नव्हतं तिथं, जेवणाच्या पानासमोर, फरशीवर, नातवाच्या पुढ्यात ठेवला.

अंकुर खुदकन हसला. त्यानं ताटातला पोळीचा तुकडा उचलला, आपल्या तोंडात घातला, अर्धा चावला, बाहेर काढला आणि नंदीच्या लाल तोंडात कोंबला.

उष्टा.

माणिकबाईंचा हात वर गेला. उष्टा घास! महादेवाच्या नंदीला! कुंकू लावलेल्या! तेवढ्यात अंकुरनं आपलं तोंड त्यांच्याकडे करून मोठ्ठा आ केला. स्वतःहून. मोबाइल उपडाच होता.

वर गेलेला हात अधांतरी राहिला. मोतीरामजी काहीतरी बोलणार होते, पण शहाणपणानं कढी प्यायले.

माणिकबाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं. तिथं कोणी रागावलेलं दिसत नव्हतं. मग तो हात खाली आला, त्यानं पोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि लेकराच्या तोंडात घातला.

एक घास अंकुरचा, एक त्यातलाच उष्टा नंदीचा. पोळी संपली. दुसरी निम्मी संपली. नंदीच्या धोतराच्या गळ्यावरून तूप ओघळत होतं, काजळाचे डोळे पसरले होते, कपाळावरचं कुंकू पुरणात मिसळलं होतं. महादेवानं ओळखला नसता. बैल मात्र आता अगदी बैलासारखा दिसत होता, जेवलेल्या.

आरतीनं मोबाइल उचलला. पण तिनं फक्त एक फोन केला. "मॅडम, यंदा नाई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पाहू. हो, घरीच हाये त्याच्यासाठी कोणीतरी." आणि फोन ठेवून सासूकडे न पाहता म्हणाली, "आई, मिक्सरचं खोकं मले दिसलं बरं का."

आता या घरात दोन वेळचं पान बैलाचंही मांडावं लागतं. बैल नाही तर अंकुर जेवत नाही. मुंग्यांना बातमी लागली आहे, म्हणून रात्री बैलाचं तोंड फडक्यानं पुसून त्याला पाण्याच्या परातीत पाटावर ठेवतात. मध्यंतरी अमरावतीला लग्न होतं, तर एसटीत खिडकीपाशी बैल, त्याच्याजवळ अंकुर, आणि माणिकबाई उभ्या. ज्योत्स्ना म्हणते, "काकू, मोबाइल खिशात तरी मावत होता." माणिकबाई म्हणतात, "मावू दे व. हा बोलते तरी त्याच्यासंगं." ते मात्र खरं. अंकुर बैलाला रागावतो, निजवतो, कढी प्यायला लावतो, आणि त्यासाठी रोज एखादा नवा शब्द शोधून आणतो.

परवा पुन्हा पातूरची माती आली. माणिकबाईंनी ती भिजवली, अख्खा गोळा नातवाला दिला आणि आपण दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. बोटं आत वळवळत होती, पण त्यांनी बाहेर येऊ दिली नाहीत. अंकुरनं गोळा थापटला, बोटानं भोकं पाडली, उभा केला. जरा लांब जाऊन पाहिला. मग देवघरात गेला आणि कुंकवाची कोयरी घेऊन आला.

"बाप्पा," तो म्हणाला.

माणिकबाईंचे हात झटकन मांडीखालून निघाले.

"थांब रे सोन्या! कुंकू नको!" त्यांनी गोळा घाईघाईनं चापटला, गोल केला. "देव मंग. आधी बैलाची पोळी लाटू."

कोपऱ्यात बैल तोंड उघडं ठेवून बसलेला होताच.